बाटलीला तहान लागत नाही

आमच्या अनंतराव टेंब्यांना कुणी प्रेमळ म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं असतं. आणि तरीही शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी, कडुलिंबाच्या सावलीत, दर उन्हाळ्यात त्यांचीच पाणपोई लागते. पाडव्याचं श्रीखंड पोटात उतरायच्या आत हा माणूस दोन रांजण खाली आणून मांडणार. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट, आत वाळ्याची जुडी, वर लाकडी झाकण. शेजारी खुर्ची टाकून लांब दांड्याचं पितळी ओगराळं हातात घेऊन बसायचं आणि येणाऱ्याच्या पेल्यात नाहीतर ओंजळीत आपल्या हाताने पाणी घालायचं. रांजणात दुसऱ्या कुणाचा हात गेलेला त्यांना खपत नाही. पाणी देताना चेहरा मात्र असा, की घेणाऱ्याला वाटावं आपण यांच्या घरात हिस्सा मागायला आलोय.

नोकरी केली ती महापालिकेच्या पाणीखात्यात, कारकुनाची. "गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे" असल्या सूचना लिहिण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर पाणी वाटायला बसले तेव्हा मी म्हटलं होतं, खात्याचं प्रायश्चित्त घेताय वाटतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत मराठी शिकवलंत, त्याचं प्रायश्चित्त कधी घेताय?" मी समोरच्याच बिऱ्हाडात राहते आणि आमचं हे असंच चालतं.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांचे वडील, नाना, शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात पडून होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. नाना दिवसभर पाणी मागत राहिले. अनंतराव उशाशी बसून होते, हाताशी तांब्या भरलेला होता, पण नियम तो नियम. संध्याकाळी नाना गेले. पुढच्या उन्हाळ्यात पहिला रांजण खाली आला. आणि तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला, पितरांची तहान भागावी म्हणून पाण्याने भरलेला नवा माठ दान देतात तो उदककुंभ, त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. एरवी देवाधर्माच्या नावाने बोंब. सत्यनारायणाच्या प्रसादाला साजूक तूप कुठलं वापरलं हे विचारणारा माणूस.

पण अनंतरावांची ओळख पेठेत झाली ती पाण्यामुळे नाही, पाट्यांमुळे. सूचना लिहायची सवय हाताला लागलेली, आणि आता वर साहेब नाही. पहिली पाटी लागली, "पाणी गार आहे. चौकशी करू नये." मग, "पेला तोंडाला लावू नये. तोंड आपले असले तरी पेला सर्वांचा आहे." मग, "पाणी फुकट आहे. सल्ला त्याहून फुकट असतो, तो येथे देऊ नये." रंगवण्याआधी मजकूर मला दाखवायचे आणि मी हसले की समाधानाने जिना उतरायचे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर आमोदची मुलगी कादंबरी हिने एका पाटीचा फोटो कुठेतरी टाकला आणि तो म्हणे व्हायरल झाला. त्यानंतर लोक तहान नसतानाही येऊ लागले. पाणी प्यायचे, पाटीपाशी उभे राहून फोटो काढायचे. अनंतराव कपाळाला आठ्या घालून बसायचे, पण फोटोच्या वेळी टोपी सरळ करायचे हे मी गॅलरीतून पाहिलेलं आहे.

शेवटची पाटी त्या वर्षी चैत्रातच लागली. तिच्यामागे कारण होतं, ते नाकारून चालणार नाही. जवळच्या क्लासची मुलं दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन यायची. कोपऱ्यावरच्या दुकानातला नोकर कॅन घेऊन यायचा. जेवणवेळेपर्यंत रांजण ठणठणीत रिकामे, आणि मग भर उन्हात एखादा रिक्षावाला कोरड्या घशाने परत जायचा. अनंतरावांना ते लागायचं. दोन दिवस विचार करून त्यांनी लिहिलं:

"येथे तहान भागवली जाते, बाटली भरली जात नाही. बाटलीला तहान लागत नाही."

मी म्हटलं, ही तुमची सगळ्यात चांगली. तिचाही फोटो गावभर फिरला. बाटल्या बंद झाल्या, रांजण संध्याकाळपर्यंत पुरू लागले. म्हणजे पाटी चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग ती उन्हाची लाट आली. पुण्याचा उन्हाळा कोरडा, सावलीत गेलं की बरं वाटतं, असं आम्ही बाहेरच्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. त्या आठवड्यात सावलीनेही हात टेकले. नळाला येणारं टाकीचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं. पंखा लावला की गरम वारा अंगावर, बंद केला की जीव घाबरा. मी खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, त्या बघता बघता खडखडीत वाळायच्या. डॉक्टर आमोदने सगळ्या बिऱ्हाडांना सांगून ठेवलं, दुपारी बाहेर पडायचं नाही. आम्ही पन्हं प्यायलो, सब्जा भिजवला, गच्चीला पांढरा रंग दिला आणि घरात बसून राहिलो. बाहेर पडायचं नाही हे ज्यांना परवडतं त्यांची लाट अशी जाते.

शेजारच्या गल्लीत कसल्याशा केबलसाठी रस्ता खोदत होते. ते काम काही थांबलं नव्हतं.

त्या दुपारी मी गॅलरीत वाळवण उचलायला आले होते. रस्ता ओस. खाली अनंतराव, आणि पाणी पिऊन मोटारसायकलवर टेकलेले कॉलेजातले दोघे. गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. डोक्यावर पदराची घडी, पदरावर माती, हातात सरबताची रिकामी हिरवी बाटली. घाईघाईने आली आणि म्हणाली, "बाबा, येवढी बाटली भरून देता का?"

अनंतरावांनी ओगराळ्याच्या दांड्याने पाटी दाखवली.

"मला वाचाया येत न्हाई," बाई म्हणाली.

तेव्हा त्यांनी ती वाचून दाखवली. शब्द न शब्द सुटा, सावकाश, दाद घेणाऱ्या माणसासारखी. मोटारसायकलवरची मुलं हसली. बाई हसली नाही. तिने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा रांजणाकडे, आणि कळल्यासारखी मान हलवली. म्हणाली, माझा माणूस तिकडं बसलाय, त्याला न्यायचं होतं.

"मग त्याला इकडे पाठवा. पोटभर पाजतो," अनंतराव म्हणाले.

तिने काही वाद घातला नाही. बाटली काखेत मारली आणि ओंजळ पुढे केली. त्यांनी पाणी घातलं. त्यांना वाटलं ती पिईल, म्हणून दुसरं ओगराळं भरून धरलं होतं. पण ती प्यायली नाही. ओंजळ तशीच धरून वळली आणि निघाली. बोटं आवळलेली, कोपरं अंगाशी, पाय उचलून पण हात न हलू देता. पाणी गळतच होतं. डांबरावर थेंबांची रेघ उमटत गेली, आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत अलीकडचे थेंब वाळूनसुद्धा गेले होते.

अनंतराव त्या मुलांना म्हणाले, "ओंजळीला मनाई नाही."

थोड्या वेळाने गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी टेंपो आणला, एका माणसाला आडवं घालून नेलं. ऊन लागून खड्ड्याच्या कडेला बसला होता तो तसाच कलंडला होता. दवाखान्यात पोचायच्या आधीच संपला, हे संध्याकाळी दूधवाल्याने सांगितलं. कुठल्या बाईचा नवरा, हे त्याला सांगावं लागलं नाही.

अनंतरावांनी पाणपोई बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी खाली उतरले, पकड घेऊन एकेक पाटी काढली आणि खुर्चीवर बसले. कुणी बाटली पुढे केली तर बाटली, कॅन पुढे केला तर कॅन. रांजण बारा वाजायच्या आत रिकामे व्हायचे आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस बादल्या घेऊन जिना चढउतार करायचा. कादंबरी म्हणाली, आजोबा, मैत्रिणींना ती पाटी बघायची होती. ते म्हणाले, "पाणी घे." एवढंच. टोमणा नाही, वर काही नाही. त्यांचा तो सरळपणा मला सहन होईना. मी मुद्दाम काहीबाही बोलून डिवचायची, तर मान खाली.

डॉक्टर आमोद त्यांना समजवायला खाली आला होता. अंगातला ताप इतका चढलेला असताना बाटलीभर पाण्याने काही झालं नसतं, शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजणं उलट धोक्याचं, असं त्याने नीट सांगितलं. अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाचला नसता, हे तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "तोंड कोरडं ठेवून गेला नसता, हे कुणाला विचारू?"

 नानांची गोष्ट आमोदला माहीत नव्हती. मला होती, म्हणून मी तिथून उठून घरात गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. एका माणसाने आयुष्यात दोनदा नियम पाळावा आणि दोन्ही वेळा पलीकडे तहानलेला माणूस असावा, हा काय न्याय झाला?

त्यानंतर त्यांच्या डोक्यात एकच बसलं. त्या बाईला शोधायचं आणि तिला सांगायचं. माफी मिळावी म्हणून नाही, म्हणाले, पण तुझ्या नवऱ्यापर्यंत पाणी पोचलं नाही ते माझ्या हौसेपायी, हे तिला कळायला हवं. तिने चार शिव्या दिल्या तर त्या माझ्याच आहेत. शिवाय अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती आणि यंदा नानांच्या माठाशेजारी दुसरा माठ ठेवायचा होता.

"संकल्पाला नाव लागतं, बाई. गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणून चालवतात. नावाला तशी सोय नाही."

खोदकाम बुजवून माणसं केव्हाच निघून गेली होती. अनंतरावांनी रोज चौकशी करून मुकादमाला गाठलं. बाई गावाकडून सगळे विधी उरकून परत आली होती आणि टोळीबरोबर धायरीला होती. पोट आहे म्हटल्यावर सुतक तरी किती पाळणार. अनंतराव निघाले. अशा उन्हात त्यांना एकट्याला सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मीही छत्री घेऊन निघाले. स्वारगेटला बस मिळाली. बसमध्ये ते ओठ हलवत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती, सूचनेचा मसुदा करावा तशी.

धायरीत एका अर्धवट इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पत्रे असे तापलेले की जवळून जाताना गालाला धग लागत होती. बाई दारातच सापडली. तिचं नाव तुळजाबाई. कपाळ मोकळं. आम्हाला बघून तिने आधी फळकूट पुसून बसायला दिलं, मग अनंतरावांकडे निरखून बघितलं.

"तुमी त्ये पाणीवालं बाबा न्हवं का?"

अनंतराव म्हणाले, "होय. मी तोच. मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"म्या तुमास्नी वळकलं," ती म्हणाली आणि एकदम खालीच बसली. "लई दिस मनात हुतं, जाऊन पाया पडावं. पर तिकडं पाय उचलंना."

अनंतराव तोंड उघडून तसेच बसले. तुळजाबाई बोलत होती. ती परत गेली तेव्हा तिच्या माणसाने डोळे मिटलेले होते. ओंजळीत पाणी उरलंच नव्हतं, नुसती ओली बोटं. ती तिने त्याच्या ओठांवर दाबून धरली. तर त्याने जीभ हलवली, ओठ चाटले.

"गार लागलं आसंल त्याला," ती म्हणाली. "तेवढंच ग्येलं पोटात. गावाकडं समद्यास्नी सांगितलं म्या, शेवटचं पाणी द्येवाच्या रांजणातलं घावलं त्याला. बाटलीत न्यायचं नसतंय त्ये, वंजळीतच न्यायचं, आसं बाबानी मला वाचून दावलं. नेमाचं पाणी हुतं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. दोन कॉलेजकुमारांना हसवण्यासाठी वाचलेली पाटी तिने देवाची आज्ञा म्हणून ऐकली होती. तिच्यावर हसताहेत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. एवढ्या उन्हात, नवरा जात असताना, एक माणूस उगाच थट्टेसाठी बाटलीभर पाणी नाकारील हे तिला खरंच सुचलं नव्हतं. तिने आमच्यासाठी त्यातल्या त्यात चांगलं कारण शोधून काढलं होतं आणि ते घेऊन गावापर्यंत गेली होती.

अनंतरावांचे ओठ हलायला लागले. ते सांगणार होते. मी त्यांच्या मनगटाला हात घातला आणि घट्ट धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं लाचार मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.  मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"महिपती," तिने सांगितलं.

आम्ही उठलो. ऊन तिरपं व्हायचं नाव घेत नव्हतं. तुळजाबाई म्हणाली, थांबा, म्हातारं माणूस तुम्ही, एवढ्या लांब जायचं. आत गेली आणि माठातून पाणी काढून घेऊन आली. तीच हिरवी बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. अनंतरावांनी हात मागे घेतला. तिला वाटलं संकोचले.

"न्या की बाबा," ती म्हणाली. "आमच्या पाण्याला कसला नेम न्हाई."

बसमध्ये त्यांनी ती बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, एक घोट घ्या, नाहीतर मला तुम्हाला उचलून न्यावं लागेल. त्यांनी झाकणाला हातसुद्धा लावला नाही. वडगावच्या पुढे कुठेतरी विचारलं, माझा हात का धरलात?

मी म्हटलं, "तिच्यापाशी तेवढंच उरलंय. तेही काढून घ्यायला निघाला होतात."

 स्वारगेट आलं, लोक उतरायला लागले, तरी ते जागचे हलले नाहीत.

"आणि माझं काय, बाई?" ते म्हणाले.

 मी त्यांना धरून खाली उतरवलं.

अक्षय्य तृतीयेला सकाळी त्यांनी मला बोलावलं. पाटावर दोन नवे माठ होते. एक दरवर्षीसारखा, वाळा घालून भरलेला. दुसऱ्यात त्यांनी आधी हिरव्या बाटलीतलं पाणी ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरली, आणि मग वरून आपल्या घरचं पाणी घातलं. नानांचा संकल्प झाला. गुरुजींनी दुसऱ्यासाठी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, महिपती. गोत्र काश्यप. मग गुरुजींनी विचारलं, हे आपले कोण?

अनंतरावांच्या हातातली पळी थांबली.

"ज्याला मी पाणी दिलं नाही, तो," ते म्हणाले.

गुरुजी भले माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, मित्र म्हणू या का, शास्त्राला चालतं. अनंतरावांनी मान हलवली, नको. गुरुजी नातं गाळून पुढचं म्हणायला लागले.